संशयाचा फायदा

रहस्यकथेचं रूपांतर करताना खुनीच बदलायचा, हे धाडस सहसा कोणी करत नाही. डेव्हिड ई. केली यांनी ते केलं. स्कॉट टुरो यांची 'प्रिझ्यूम्ड इनोसंट' ही कादंबरी १९८७ साली आली आणि तुफान खपली. १९९०मध्ये ॲलन जे. पाकुला यांनी हॅरिसन फोर्डला घेऊन तिच्यावर चित्रपट केला, तोही गाजला. त्यामुळे २०२४च्या जूनमध्ये ॲपल टीव्ही प्लसवर केलींची आठ भागांची मालिका सुरू झाली, तेव्हा जाणकार प्रेक्षकाला खून कोणी केला हे आधीच ठाऊक होतं. शेवटच्या भागात त्याचा अंदाज चुकला, आणि मग समीक्षकांत दोन तट पडले. काहींना हा शेवट निव्वळ धक्क्यासाठी जुळवलेला वाटला, तर काहींना तो मूळ कथेपेक्षाही अस्वस्थ करणारा वाटला. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. ते मांडायचं तर रहस्य फोडावं लागेल. ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी इथेच थांबावं.

गोष्टीचा गाभा तिन्ही रूपांत तोच आहे. रस्टी सॅबिच हा सरकारी वकिलांच्या कचेरीतला वरच्या फळीतला माणूस. त्याची सहकारी कॅरोलिन पोल्हेमस हिचा खून होतो. तिच्याशी आपले संबंध होते हे रस्टीने लपवलेलं असतं. ते उघड होतं आणि आयुष्यभर दुसऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारा हा वकील स्वतःच पिंजऱ्यात येतो. टुरो स्वतः शिकागोत सरकारी वकील होते आणि कामावर जाता-येता आगगाडीत बसून त्यांनी ही कादंबरी लिहिली. कचेरीतलं राजकारण आणि निवडणुकीपायी होणाऱ्या तडजोडी त्यांनी आतून पाहिलेल्या होत्या, म्हणून तो भाग इतका खरा उतरला.

कादंबरीची खरी करामत तिच्या निवेदनात आहे. सगळं रस्टीच सांगतो, तेही वर्तमानकाळात. तो आपल्याशी मोकळेपणाने बोलतोय असं वाटतं, पण नेमकं काय गाळतोय ते कळत नाही. कॅमेऱ्याला असं 'मी' म्हणता येत नाही. पाकुला यांनी त्यावर उपाय शोधला तो अंधाराचा. गॉर्डन विलिस यांच्या छायाचित्रणात चित्रपट सुरू होतो तो ज्युरीच्या रिकाम्या खुर्च्यांवर, आणि पुढे फोर्डचा चेहरा बंद दारासारखा राहतो. मालिकेतला जेक जिलेनहाल याच्या अगदी उलट जातो. त्याचा रस्टी खदखदणारा आहे. तो चिडतो, खोटं बोलतो, एका माणसाला मारहाणही करतो. हा नायक आवडून घेणं अवघड आहे, अशी तक्रार काही परीक्षणांत आली. पण फोर्डच्या रस्टीवर आपण मनातून विश्वास ठेवतो, याच्यावर ठेवत नाही. आणि ज्युरीच्या जागी बसलेल्या प्रेक्षकाला तेच हवं असतं.

ज्युरी हा भाग आपल्याकडच्या प्रेक्षकाने जरा थांबून पाहावा. मुंबईच्या सत्र न्यायालयात १९५९ साली नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल फिरला. पुढे ज्युरीची पद्धतच आपल्याकडून गेली. त्यामुळे आपला वकील न्यायाधीशाकडे तोंड करून बोलतो. अमेरिकन वकील बारा सामान्य माणसांसमोर बोलतो, आणि पुराव्याइतकाच त्याचा चेहराही तोलला जातो. मालिकेत रस्टीचा वकील रेमंड होर्गन भर कोर्टात कोसळतो आणि रस्टी स्वतःचा खटला स्वतः लढवायला उभा राहतो. आरोपी आणि वकील एकाच अंगात आल्यावर त्याने आवाज चढवला तरी ज्युरी ते टिपणार आणि गप्प राहिला तरी टिपणार. हा ताण जिलेनहालने खांद्यांत आणि जबड्यात धरून ठेवला आहे.

समीक्षकांचं सर्वांत जास्त एकमत झालं ते मात्र त्याच्या विरोधकाबद्दल. पीटर सार्सगार्डचा टॉमी मोल्टो हा हेवा आणि अपमान गिळत बसलेला सरकारी वकील आहे. कॅरोलिनला त्याच्याबरोबर काम करायचं नव्हतं, ही सल त्याला आहे. तो ओरडत नाही. वाक्याचा शेवट तोंडातल्या तोंडात ठेवतो, समोरच्याकडे क्षणभर जास्त पाहतो. मांजराशिवाय दुसरं कोणी नसलेल्या त्याच्या घरात खुनाचं हत्यार एका अर्वाच्य चिठ्ठीसह येऊन पडतं, तेव्हा त्याच्याही मनाचा तोल किती नाजूक आहे ते दिसतं. सूडापोटी खटला चालवणारा माणूस आपल्या बाजूने खराही असू शकतो, हे सार्सगार्ड दाखवतो. एमीची नामांकनं जिलेनहाल, सार्सगार्ड, होर्गन झालेला बिल कॅम्प आणि रस्टीची बायको बार्बरा साकारणारी रूथ नेगा या चौघांना मिळाली, ती रास्तच होती.

आता शेवट. कादंबरीत आणि चित्रपटात खून बार्बराने केलेला असतो. चित्रपटात रस्टीला घरातल्या हत्यारांत रक्त लागलेलं अवजार सापडतं, तो ते धुतो आणि सगळं समजतो. मालिकेत ज्युरी रस्टीला निर्दोष सोडते, त्यानंतर तो बार्बरापुढे मन मोकळं करतो. त्या रात्री कॅरोलिन त्याला मेलेली आढळली होती. हे बार्बराचंच काम, असं त्याने तिथेच ठरवलं आणि खून एका जुन्या प्रकरणातल्या खुनासारखा दिसावा म्हणून प्रेत बांधून ठेवलं. बार्बरा सुन्न होते, आणि तेवढ्यात मुलगी जेडन सांगते की खून तिने केला.

धक्का आहेच, पण त्याने मागचे सगळे भाग नव्याने वाचायला लावले. कोर्टात रस्टी ज्या तत्त्वावर उभा आहे ते शीर्षकातच आहे: गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. तेच तत्त्व त्याने बायकोला एक रात्रसुद्धा लावलं नाही. एक प्रश्न न विचारता तिला दोषी धरलं, आणि वर तिला वाचवल्याचं समाधानही मिळवलं. टुरो यांच्या कथेत घरातला हा निकाल बरोबर निघतो. केलींनी तो चुकीचा ठरवला. रूथ नेगाची बार्बरा नवऱ्याकडे संशयाने पाहत राहते, तेव्हा नवराही तिच्याकडे तसंच पाहत असतो, हे आपल्याला शेवटी उमगतं. ज्युरीने शहानिशा करून दिलेला संशयाचा फायदा या जोडप्याने एकमेकांना कधी दिलाच नाही.

या बदलाची किंमतही मोठी आहे. मूळ बार्बराची धगधगती बुद्धी आणि तिचा थंड सूड इथे उरत नाही. चित्रपटात राउल ज्युलियाने देखणा केलेला सँडी स्टर्न हा बचावाचा वकील तर गायबच आहे. रेनाते रेइन्स्वेसारखी अभिनेत्री असूनही कॅरोलिन बव्हंशी आठवणींच्या तुकड्यांत सापडते, ही परीक्षणांतली तक्रार खरी आहे. दोन तासांत मावलेली गोष्ट आठ भागांवर ताणल्याचं मधल्या भागांत जाणवतं. बार्बराचं बारवाल्याशी जुळणारं उपकथानक तर काढून टाकलं तरी चाललं असतं.

तरीही रूपांतराने मूळ कृतीला प्रश्न विचारावा, ही अपेक्षा ही मालिका पुरी करते. टुरो यांनी कायद्याची मर्यादा दाखवली होती: कोर्टाला सत्य सापडेलच असं नाही. केली त्यापुढे जातात. वर्षानुवर्षं पुरावे तोलणारा वकील स्वतःच्या माणसांबाबत किती बेपर्वाईने निकाल देतो, हे त्यांनी दाखवलं, आणि त्यासाठी खुनी बदलणं भागच होतं.