पुनर्वसनाचे विनामूल्य शिक्षण आणि रुग्णाची भाषा

१

वैद्यकीय पुनर्वसनाचे शिक्षण जगातील कोणत्याही आरोग्यसेवकास आंतरजालावरून विनामूल्य मिळावे, हा विचार गेल्या काही वर्षांत प्रत्यक्षात उतरला आहे. त्याची वैद्यकीय चिकित्सा करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. ती त्या शास्त्राच्या जाणकारांनी करावी. परंतु ज्या शिक्षणाची परिणती अखेर एका माणसाने दुसऱ्या माणसाशी बोलण्यात व्हावयाची असते, त्याचे भाषेच्या बाजूने परीक्षण करणे हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचे कामच होय. तेवढ्यापुरताच हा प्रयत्न आहे.

परीक्षणासाठी एक ठळक उदाहरण घेतो. ‘इंटरनॅशनल स्पायनल कॉर्ड सोसायटी’ या संस्थेने मज्जारज्जूच्या दुखापतीविषयीची ‘ई-लर्न-एससीआय’ नावाची पाठमाला २०१२ साली आंतरजालावर सर्वांसाठी खुली केली. तिच्या सिद्धतेत दिल्लीच्या ‘इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर’चे डॉ. एच. एस. छाब्रा यांचा पुढाकार होता, ही आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचारतज्ज्ञ, मानसोपचारक अशा प्रत्येकासाठी तीत स्वतंत्र विभाग योजलेला आहे. मूळ भाषा इंग्रजी. पाठ, रुग्णांची उदाहरणे आणि शेवटी स्वपरीक्षणाचे प्रश्न अशी तिची मांडणी आहे.

२

अशा पाठमालांची गरज किती मोठी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. २०१९ साली जगातील सुमारे २४१ कोटी लोकांना असे काही आजार वा दुखापती होत्या की ज्यांत पुनर्वसनोपचारांचा उपयोग झाला असता, असा अंदाज २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे दर तीन माणसांमागे एक. उलटपक्षी, कमी उत्पन्नाच्या अनेक देशांत दर दहा लाख वस्तीमागे दहासुद्धा कुशल पुनर्वसनसेवक नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या संघटनेने २०१७ साली ‘रिहॅबिलिटेशन २०३०’ हा उपक्रम हाती घेतला आणि मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या विषयावर ठरावही केला. तज्ज्ञ थोडे, रुग्ण अगणित आणि अंतरे दूरची, अशा स्थितीत मोफत पाठमाला हा उपकारच होय. तालुक्याच्या गावी एकट्याने काम करणाऱ्या एखाद्या फिजिओथेरपिस्टला लंडन वा सिडनी येथील अध्यापकाचा पाठ घरबसल्या मिळतो, ही सोय पूर्वीच्या पिढीला नव्हती.

या शिक्षणाचे मूल्यमापन करण्याचेही प्रामाणिक प्रयत्न झालेले आहेत. बांगलादेशातील ४८ फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०१५ साली ‘जर्नल ऑफ फिजिओथेरपी’त प्रसिद्ध झाला. अर्ध्या विद्यार्थ्यांनी वर उल्लेखिलेली पाठमाला आपापल्या गतीने वाचली. उरलेल्यांनी तीच पाठमाला अनेकांसाठी एकाच वेळी चालविलेल्या खुल्या ऑनलाइन वर्गात, चर्चेच्या साहाय्याने अभ्यासली. शेवटी ज्ञानाची परीक्षा घेतली, तेव्हा वीसपैकी गुणांत दोन्ही गटांत पाऊण गुणाचाही फरक पडला नाही. आपापल्या गतीने वाचले काय आणि वर्गासोबत वाचले काय, सारखेच, असा याचा अर्थ. निष्कर्ष संयत आहे आणि तो मान्य करण्यास हरकत नाही.

पण या प्रयोगात मोजले काय गेले? विद्यार्थ्याचे ज्ञान, त्याचा आत्मविश्वास, त्याचे समाधान. पाठ संपल्यावर तो विद्यार्थी ज्या बंगाली शेतकऱ्याच्या खाटेशी जाऊन उभा राहणार, त्याच्याशी तो काय बोलला आणि त्या शेतकऱ्याला काय समजले, हा प्रश्न प्रयोगाच्या कक्षेबाहेर राहिला. यात प्रयोगकर्त्यांचा दोष नाही. त्यांचा प्रश्नच निराळा होता. तथापि उणीव नेमकी येथे आहे. ही पाठमाला शिकणाऱ्याच्या भाषेपाशी थांबते. काम मात्र रुग्णाच्या भाषेत व्हावयाचे असते.

३

आता आपल्या मराठीपुरते पाहू. प्रथम या शास्त्राच्या नावाचाच विचार करावा लागतो. ‘रिहॅबिलिटेशन’ हा शब्द ‘हाबिलिस’ या लॅटिन विशेषणापासून आला. ‘हाबिलिस’ म्हणजे समर्थ, योग्य, कामास येणारा. तेव्हा त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘पुन्हा समर्थ करणे’. आपण त्याला ‘पुनर्वसन’ हा प्रतिशब्द दिला. तो ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूपासून सिद्ध होतो. त्याचा अर्थ ‘पुन्हा वसविणे’. लॅटिनमध्येही ‘राहणे’ या अर्थाचे ‘हाबितारे’ असे क्रियापद आहे आणि ते ‘हाबिलिस’च्याच कुळातले, पण दोघांचे अर्थ केव्हाच वेगळे झाले. आपला प्रतिशब्द जणू त्या दुसऱ्या क्रियापदाचे भाषांतर आहे.

हा केवळ व्युत्पत्तीचा खेळ नव्हे. मराठी माणसाच्या कानी ‘पुनर्वसन’ हा शब्द येतो तो धरणग्रस्तांच्या संदर्भात, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या नव्या गावठाणांच्या संदर्भात, किंवा मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या संदर्भात. या सर्व ठिकाणी पुनर्वसन करणारे सरकार असते. ज्याचे होते तो वाट पाहतो, अर्ज करतो आणि जमीन किंवा खोली मिळाली की पुनर्वसन संपते. वैद्यकीय पुनर्वसनात याच्या अगदी उलट असते. तेथे मुख्य कर्ता रुग्ण स्वतः असतो. तेथे काही ‘मिळत’ नाही, दररोज थोडे थोडे साधावे लागते. ‘तुमचे पुनर्वसन करावयाचे आहे’ असे रुग्णास सांगितले तर घर गमवावे लागणार की काय, अशी शंका त्याच्या मनात आली तर नवल नाही.

दुसरे उदाहरण ‘अपंगत्व’ या कल्पनेचे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली शरीरातील दोष, त्यातून येणारी अक्षमता आणि समाजात पडणारी बाधा अशी तिहेरी विभागणी केली होती. २००१ च्या नव्या वर्गीकरणात तिची जागा शरीराचे कार्य, माणसाच्या कृती आणि जीवनातील सहभाग यांनी घेतली. दोष माणसात असतो ही कल्पना मागे पडून, माणूस आणि त्याचा परिसर यांच्यातील संबंध हा विचाराचा विषय झाला. आपल्याकडेही शब्द बदलले: पांगळा, अपंग, विकलांग, दिव्यांग. १९९५ च्या केंद्रीय कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. परंतु आपण बदलत राहिलो ते त्या माणसाचे विशेषण. वाक्याची घडण तशीच राहिली: ‘तो अमुक आहे’. नव्या विचाराला हवे आहे ते वेगळे वाक्य: ‘उंबरठा उंच असल्यामुळे त्याला चाकाच्या खुर्चीवरून घराबाहेर पडता येत नाही’. पहिल्या वाक्यात उपाय सुचत नाही. दुसऱ्यात सुतार बोलवावा हे आपोआप सुचते. इंग्रजी पाठ वाचणाऱ्यास ही कल्पना समजेल. पण मराठीत बोलू लागताच जुनी वाक्यरचना त्याच्या तोंडी येणार.

४

यापेक्षाही महत्त्वाची अडचण रुग्णाच्या खाटेशी उभी राहते. मज्जारज्जूच्या दुखापतीत स्नायूंची शक्ती आणि त्वचेची संवेदना यांची तपासणी निरनिराळी करावी लागते. आणि संवेदनेतही हलका स्पर्श व टोचणे हे वेगळे मोजावे लागतात. आपला रुग्ण म्हणतो, ‘पायात जीव नाही’. या एका वाक्यात शक्ती आणि संवेदना दोन्ही सामावतात. ‘ताकद लागत नाही’ आणि ‘कळत नाही’ हा भेद मराठीत आहे, पण तो प्रश्न विचारून बाहेर काढावा लागतो. ‘पायाला काही होतं का?’ या प्रश्नाने तो निघत नाही. ‘मी बोट लावलेलं कळतं का?’ आणि ‘हे टोचतं, की नुसतं लागलेलं कळतं?’ असे दोन प्रश्न केले तर निघतो.

स्नायूची शक्ती शून्य ते पाच अशा अंशांनी मोजतात. त्यांतील ‘एक’ म्हणजे स्नायू आकुंचन पावतो, पण अवयव हलत नाही. ‘पाय उचला’ अशी आज्ञा केली की रुग्ण पायाकडे पाहतो, तो हलला नाही असे दिसताच ‘नाही होत’ म्हणून प्रयत्न सोडून देतो. ‘पाय उचलून बघा; हलला नाही तरी चालेल, जोर तेवढा लावा’ असे म्हटले तर तोच स्नायू बोटाखाली जागा झालेला लागू शकतो. ‘उचला’, ‘उचलायचा’, ‘उचलून बघा’ हे भेद आपण व्याकरणात आज्ञार्थाच्या छटा म्हणून शिकवितो. येथे त्यांच्यावर शून्य की एक हे ठरते.

आपल्या रुग्णालयांत अत्यंत प्रेमाने उच्चारले जाणारे एक वाक्य आहे: ‘दुखलं तर सांगा हं.’ अन्यत्र ते योग्यच असते. पण ज्याच्या कमरेखालची संवेदना गेली आहे, त्याला ते घातक ठरते. त्याच्या माकडहाडाशी व्रण होत असेल, गरम पाण्याने पाय भाजत असेल, तरी त्याला दुखणार नाही. न दुखणे म्हणजे सुरक्षित असणे, अशी खूणगाठ मात्र हे वाक्य त्याच्या मनात बांधते. त्याला सांगावयास हवे ते असे: ‘इथं दुखणार नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचं. आरसा धरून रोज बघायचं.’

याहून गंभीर उदाहरण प्रस्तुत लेखकाने एका रुग्णालयात ऐकले. मानेच्या मणक्यास दुखापत झालेल्या एका रुग्णाचे डोके ठणकत होते आणि चेहरा घामाने भिजला होता. उशाशी बसलेली पत्नी म्हणाली, ‘ह्यांना पित्त झालंय.’ तरुण सेवकाने तिचे बोलणे ऐकून घेतले आणि तो पुढच्या खाटेकडे वळला. सुदैवाने एका जुन्या परिचारिकेचे लक्ष गेले. लघवीची नळी दुमडून मूत्राशय तुंबले होते. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर दुखापत झालेल्या रुग्णास अशा कारणाने एकाएकी रक्तदाब चढण्याचा धोका असतो. त्याला ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया’ म्हणतात आणि वेळीच ओळखले नाही तर तो प्राणावर बेततो. त्या तरुणास ही संज्ञा माहीत नव्हती असे नाही. नंतर विचारता त्याने तिची लक्षणे अचूक सांगितली. त्याने ती इंग्रजीत शिकली होती. समोर आली ती ‘पित्त’ या मराठी शब्दाच्या रूपाने, आणि ओळख पटली नाही. डोकेदुखी, मळमळ आणि घाम यांस घरोघर पित्त म्हणतात, हे कोणत्याही आंतरराष्ट्रीय पाठात असणार नाही. ते आपणच लिहिले पाहिजे.

उलट, मराठीजवळ जे धन आहे त्याचाही या शिक्षणास उपयोग होण्यासारखा आहे. मज्जातंतूंच्या वेदना ओळखताना जळजळ, विजेचा झटका, मुंग्या, बधिरता यांविषयी मुद्दाम विचारतात. ‘ठणका’, ‘कळ’, ‘चमक’, ‘आग’, ‘रग’, ‘मुंग्या’, ‘पेटका’ हे शब्द साधा शेतकरीही एकमेकांत मिसळू देत नाही. ‘दुखतं का?’ एवढेच विचारून ‘होय’ असे लिहून घेणारा हे सारे ज्ञान वाया घालवितो.

५

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सेवक स्वतः मराठी आहे. इंग्रजीत शिकलेले तो मराठीत सांगेलच. परंतु घरची मराठी येणे आणि व्यवसायाची मराठी येणे या भिन्न गोष्टी आहेत. ज्याने सर्व शास्त्र इंग्रजीत आत्मसात केले, तो खाटेशी दर वेळी नवे वाक्य जुळवितो. ते बरोबर की चूक हे तपासून पाहणारा कोणी नसतो.

दुसरा आक्षेप असा की, मग सर्व पाठमालांचे मराठी भाषांतर करावे म्हणजे झाले. भाषांतर अशक्य नाही. २०२० च्या महामारीत जागतिक आरोग्य संघटनेचा प्राथमिक पाठ इतर अनेक भाषांप्रमाणे मराठीतही आला होता. पण तो पाठ माहिती देण्यासाठी होता. पुनर्वसनात प्रश्न विचारावे लागतात, उत्तरे ओळखावी लागतात, प्रोत्साहन द्यावे लागते. इंग्रजी पाठात रुग्णाचे ‘गोल’ विचारावयास सांगितलेले असते. त्याचे भाषांतर करून ‘तुमचे ध्येय काय?’ असे एखाद्या आजोबांना विचारले तर ते गोंधळतील. ‘आजोबा, घरी गेल्यावर पहिल्यांदा काय आपल्या हातानं करावंसं वाटतं?’ असे विचारले, तर ‘स्वतः आंघोळ करायची’ असे उत्तर येण्याचा संभव आहे. आणि तेथून उपचाराची दिशा ठरते. हे वाक्य भाषांतरातून निघत नाही.

६

यास्तव या विनामूल्य पाठमाला नाकारण्याचे कारण नाही; त्यांचा उरलेला अर्धा भाग आपण लिहावयास हवा. भाषा संचालनालयाने १९६० पासून परिभाषाकोशांचे मोठे काम केले आहे. पण परिभाषाकोश हे शास्त्राने शास्त्राशी बोलण्याचे साधन होय. येथे हवा आहे तो शास्त्राने रुग्णाशी बोलण्याचा कोश: तपासणीतील प्रत्येक प्रश्न मराठीत कसा विचारावा, त्याला कोणकोणती उत्तरे येतात, त्या उत्तरांचा वैद्यकीय अर्थ काय, आणि कोणती वाक्ये टाळावीत. शौच आणि लघवी यांविषयीचे प्रश्न त्यात प्रथम यावेत. कारण गुदद्वाराभोवतीची संवेदना शिल्लक आहे की नाही, यावर दुखापत पूर्ण की अपूर्ण हे ठरविण्यात येते, आणि नेमका तोच प्रश्न संकोचामुळे अर्धवट विचारला जातो. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी या बोलींतील शब्द प्रमाण भाषेच्या तळटीपेत न ढकलता बरोबरीने नोंदवावेत. वॉर्डात प्रमाण भाषा बोलणारा रुग्ण क्वचितच भेटतो.

हे काम एकट्या डॉक्टरांचे नाही आणि एकट्या भाषाभ्यासकांचेही नाही. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी, रुग्णांची संमती घेऊन, एखाद्या पुनर्वसनकेंद्रात वर्षभर बसून हे शब्द गोळा केले, आणि तेथील परिचारिका व फिजिओथेरपिस्ट यांनी ते तपासून दिले, तर एक लहानशी पुस्तिका सिद्ध होईल. तीही आंतरजालावर विनामूल्य ठेवता येईल. पहिल्या पानावर ‘पित्त’ हा शब्द असावा.