निवडक बाबूजी: जुन्या तबकडीवरची लहान अक्षरं

नवी पेठेत उभं राहून सोलापूरकरांना कापडाबद्दल काही सांगावं, एवढं धाडस आम्ही करणार नाही. आजचा विषय तबकडीचा आहे. पण बोलण्यात कापड येईलच, त्याला इलाज नाही.

विषय असा: सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, यांच्या निवडक गाण्यांची जुनी, वापरलेली एलपी. कोणाच्या तरी घरात वाजून वाजून बाजारात आलेली. अशा तबकडीकडे टीकाकाराने कसं पाहावं? आम्हाला वाटतं, तिच्यात दोन निवडी असतात. पहिली कंपनीची. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं मावायचं. एलपी आली, एका बाजूवर वीसेक मिनिटं मिळाली, आणि आधीची सुटी गाणी एकत्र करून विकणं सोपं झालं. दुसरी निवड ऐकणाऱ्याची. तबकडी उजेडात तिरकी धरा. जो पट्टा जास्त वाजलाय तिथली चकाकी गेलेली असते, काळा रंग जरा राखाडी झालेला असतो. सुई ठेवली की खरखर तिथेच जास्त. मुखपृष्ठावर काय छापलंय ते कंपनीचं मत. त्या घराला कुठलं गाणं हवं होतं, ते हा राखाडी पट्टा सांगतो.

आता कापडाकडे येऊ. निवडक गाण्यांचा संग्रह म्हणजे कटपीसचा गठ्ठा. एकेक तुकडा अस्सल, रंग पक्का, पण तो ज्या थानातून कापला ते थान आपल्यासमोर नसतं. ‘गीतरामायण’ बघा. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ते प्रसारित झालं. गदिमांची ५६ गीतं, बाबूजींच्या चाली. पहिल्या गीतात कुश आणि लव रामासमोर गायला बसतात, आणि शेवटच्या गीतात वाल्मीकी त्याच दोघांना गायला सांगतात. म्हणजे शेवट आपल्याला पुन्हा आरंभाशी नेऊन सोडतो. यातली चार गीतं उचलून संग्रहात घातली की ती गोड लागतात, यात शंका नाही. पण कोण कोणाला बोलतंय, आधी काय घडलंय, हे गेलं. भरताला समजावणारा राम आणि शोक करणारा दशरथ यांच्यात अंतर उरत नाही. दोघेही नुसते ‘बाबूजींचं भक्तिगीत’ होतात.

आणखी एक. रेडिओवर ही गीतं अनेक गळ्यांतून आली होती. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, ललिता फडके होत्या. पुढे घरोघरी ज्या तबकड्या पोचल्या, त्यांत आवाज एकट्या बाबूजींचा. तो आवाज इतका समर्थ की बाकीचे गळे होते हेच आपण विसरून गेलो.

इथे आजचा मुख्य मुद्दा येतो. मुखपृष्ठावर नाव एकाचं असतं. पण हे गाणं एकट्याचं आहे का? पाश्चात्त्य पॉप-रॉकमध्ये स्वतःच लिहिणारा, स्वतःच चाल लावणारा, स्वतःच गाणारा कलावंत असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न नसेल असं वाटतं. कॅट स्टीव्हन्सचा १९७५ चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ घ्या. गाणी बारा, मुखपृष्ठावर नाव एक. पण त्यातलं एक गाणं सॅम कुकचं. ‘मॉर्निंग हॅज ब्रोकन’चे शब्द एलिनॉर फार्जन या कवयित्रीचे, चाल जुनी स्कॉटिश, आणि ज्या पियानोमुळे ते गाणं ओळखू येतं तो वाजवलाय रिक वेकमनने. मूळ तबकडीवर त्याचं नावच नव्हतं! एकट्याच्या म्हणवणाऱ्या संग्रहाची ही गत.

आपल्या भावगीतात तर तिघं उघडच असतात: कवी, संगीतकार, गायक. बाबूजी यांतल्या दोन खुर्च्यांवर बसत, म्हणून घोटाळा वाढतो. ‘तोच चंद्रमा नभात’ची चाल त्यांची, आवाज त्यांचा, शब्द शान्ता शेळके यांचे. ‘सखी मंद झाल्या तारका’ मात्र सुधीर मोघ्यांचं, आणि चाल राम फाटकांची. ‘स्वर आले दुरुनी’ यशवंत देवांनी लिहिलं, चाल दिली प्रभाकर जोगांनी. पण विचारा कोणालाही, उत्तर एकच: बाबूजींचं गाणं.

याने बाबूजी लहान होतात का? मुळीच नाही. उलट त्यांचा खरा गुण इथेच कळतो. दुसऱ्याची चाल गातानाही ते शब्द असा उच्चारतात की जोडाक्षर दबत नाही, ओळीचा अर्थ तुटेल तिथे श्वास घेत नाहीत. ‘जगाच्या पाठीवर’मधलं गदिमांचं धाग्याचं गाणं आठवा. विणकरांच्या या गावात ते वेगळं सांगायला नको. तिथे आवाज कवीच्या पुढे पळत नाही, त्याच्याबरोबर चालतो. कवीचा इतका मान राखणाऱ्या गायकाच्या संग्रहात कवीच बारीक अक्षरांत जावा, ही आमची तक्रार आहे. ती गायकाबद्दल नाही, मांडणीबद्दल आहे.

आणि ही तक्रार सोलापूरने करायची नाही तर कोणी? कवी संजीव, म्हणजे कृ. गं. दीक्षित, आपल्या गावचे. ‘भाऊबीज’ चित्रपटातलं त्यांचं ओवाळणीचं गाणं दरवर्षी दिवाळीत वाजतं. लोक म्हणतात, आशाबाईंचं गाणं. बरोबरच आहे. वसंत पवारांची चाल, तेही बरोबर. पण ते संजीवांचंही आहे, हे याच गावातल्या किती घरांत सांगितलं जातं?

जुन्या तबकडीची एक सोय होती. मधल्या कागदावर बारीक का होईना, कवीचं नाव छापलेलं असायचं, आणि सुई ठेवायला वाकलं की ते डोळ्यांखालून जायचं. आज मोबाइलवर गाणं लावलं की गायकाचं नाव दिसतं. कवी शोधावा लागतो, कधी सापडतच नाही. तेव्हा जुनी तबकडी विकत घेताना चरा पडलाय का ते जरूर बघा, भावात घासाघीसही करा. पण मधला कागद शाबूत आहे ना, तेही पाहा. आणि घरी वाजवाल तेव्हा पोरांना तिन्ही नावं मोठ्याने वाचून दाखवा, मग सुई ठेवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.