कातडे आणि कला

म्हैसूरच्या व्हॅन इंगेन पेढीने (ती १९९९ मध्ये बंद झाली) राजेरजवाड्यांनी व साहेबांनी मारलेल्या वाघांची कातडी कमावली, कागदाच्या लगद्याच्या साच्यावर चढवली, काचेचे डोळे बसवले. आमचे सौंदर्यवादी या गुरगुरत्या मुंडक्यांना कला म्हणतात. म्हणोत, कसब अस्सलच आहे. पण फळीमागे पेढीची चिठ्ठी असते, सोलणाऱ्या हातांचे नाव नसते.

माझा आजा गावची मेलेली ढोरे ओढी, सोली. त्याचेही कसबच, मोबदला मात्र विटाळ. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी मोटारीला बांधून मारले. राजाने मारलेल्या वाघाचे कातडे दिवाणखान्यात आणि मेल्या गाईचे कातडे सोलणारा गावाबाहेर, ही वाटणी कोणत्या सौंदर्यशास्त्राने केली, ते समीक्षकांनी सांगावे.