‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ आणि वनस्पतिशास्त्राचे अध्यापन

डॉ. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा द्विखंडात्मक इंग्रजी ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्यावरील वनस्पतिग्रंथात (१९०१–१९०८) निजामाच्या राज्यातील मराठवाड्याचा अंतर्भाव नव्हता. ही उणीव नाईकांनी दूर केली, हे त्यांचे मोठे कार्य होय.

तथापि अध्यापनाच्या दृष्टीने अशा ग्रंथाची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. त्यातून वनस्पतीची ओळख पटते. परंतु सिल्लोड परिसरातील मका-मिरचीच्या शेताच्या बांधावर ती किती संख्येने व कोणत्या वनस्पतींच्या सहवासात वाढते, हे समजत नाही. परिस्थितिकीचा अभ्यास येथूनच सुरू होतो. विद्यार्थ्यांनी एक चौरस मीटरच्या चौकटी आखून त्याच बांधावर पावसाळ्यात व हिवाळ्यात दरवर्षी गणना केल्यास, गाजरगवत वाढताना स्थानिक गवते घटतात काय, हे पडताळता येईल. स्थळ, दिनांक व अधिवास यांची नोंद नसलेल्या वाळविलेल्या नमुन्यांवर परीक्षेत गुण मिळतात, पण संशोधनात त्यांचा पुरावा म्हणून उपयोग होत नाही. म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत नमुन्यांच्या संख्येपेक्षा क्षेत्रनोंदीस अधिक गुण असावेत. तेव्हाच नाईकांच्या ग्रंथात विद्यार्थी नव्या नोंदींची भर घालू शकतील.