‘अधांतर’ आणि गिरणगावाचे नवे व्यापारी रूप

जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक गिरणी संपाची शोकांतिका म्हणून वाचण्याची सवय आपल्या समीक्षेला लागली आहे. हे वाचन चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी पुकारलेला संप ही या नाटकाची पार्श्वभूमी होय. रंगमंचावर मात्र दिसते ती चाळीतील एक खोली आणि संपानंतर त्या खोलीत उरलेली माणसे.

बाबा लेखक होऊ पाहतो, मोहन बेकार आहे, नरू टोळीच्या वाटेला लागतो. तिन्ही मुलगे एकेका प्रवृत्तीचे नमुने वाटतात, हा रचनेतील दोष मान्य करावा लागेल. आई मात्र या साच्यात बसत नाही. गिरणी गेली तरी घर चालवावे लागते, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. काम नाहीसे झाल्यावर त्या जागेचे आणि त्या माणसांचे काय होते, हा या नाटकाचा खरा प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

जागेचे काय झाले, ते आज लोअर परळ येथे दिसते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे साधारणतः तीन वाटे कल्पिले होते: महापालिकेस मोकळी जागा, म्हाडास घरांसाठी जागा आणि मालकास उर्वरित. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मूळच्या मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित केली आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. फिनिक्स, कमला या गिरण्यांच्या आवारांत मॉल, कार्यालये व उपाहारगृहे उभी राहिली. कंपन्या आल्या, नोकरदार आले, हौशी पाहुणेही आले.

येथे एक साधी गोष्ट नजरेआड झाली. गिरणीचा कामगार भोंगा ऐकून चाळीतून चालत कामावर जाई. नव्या कार्यालयांतील कर्मचारी लोकलने येतो. जमिनीचा भाव वाढला, जिना रुंदावला नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलमधील आगीत १४ जणांनी प्राण गमावले. व्यापारी परिसर ‘आकर्षक’ करणे म्हणजे जागेचा बाजार मांडणे, अशी समजूत येथे धोरणात दिसते. राहणारा आणि ये-जा करणारा माणूस तिच्या हिशेबात नाही.

वाशीमसारख्या ठिकाणी हे नाटक शिकविताना मुंबईचा नकाशा फळ्यावर काढावा लागतो. परंतु कारंजा, शेलूबाजारकडील विद्यार्थ्यांना जमिनीचा विषय समजावून सांगावा लागत नाही. त्यांच्या शिवारातून समृद्धी महामार्ग गेला आहे (तो जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला) आणि त्यालगतच्या नियोजित नवनगरांची चर्चा त्यांच्या घरांत होत आली आहे. एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मोहनला त्या मॉलमध्ये नोकरी मिळाली असती का?” मिळाली असती तर बहुधा पहारेकऱ्याची, तीही कंत्राटी, एवढेच उत्तर मला देता आले. संहिता तेथवर जात नाही.