ग्रेस

(१० मे १९३७–२६ मार्च २०१२). मराठी कवी व ललितनिबंधकार. मूळ नाव माणिक सीताराम गोडघाटे. जन्म नागपूर येथे. नागपूरच्याच महाविद्यालयांतून त्यांनी मराठीचे अध्यापन केले. ‘ग्रेस’ हे टोपणनाव त्यांना अभिनेत्री इंग्रिड बर्गमन हिच्या एका चित्रपटावरून सुचले. संध्याकाळच्या कविता (१९६७), राजपुत्र आणि डार्लिंग (१९७४), चंद्रमाधवीचे प्रदेश (१९७७) व सांध्यपर्वातील वैष्णवी (१९९५) हे त्यांचे महत्त्वाचे काव्यसंग्रह. चर्चबेल (१९७४), मितवा (१९८७) आणि वाऱ्याने हलते रान (२००८) हे ललितलेखसंग्रह होत.

ग्रेस ह्यांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आक्षेप वारंवार घेण्यात आला. त्यात तथ्य आहे. तथापि ही दुर्बोधता विचारांच्या गुंतागुंतीतून आलेली नाही. संध्याकाळ, पाऊस, आई, मृत्यू आणि वियोग ह्या मोजक्या अनुभवकेंद्रांभोवती ही कविता फिरते. प्रतिमांना जोडणारा प्रसंग कवी बहुधा सांगत नाही; ख्रिस्ती प्रतीके, पौराणिक संदर्भ आणि खाजगी स्मृती शेजारी शेजारी येतात. त्यामुळे अर्थाचा धागा सुटतो; परंतु वृत्ताची पकड, यमके व नादाची आवर्तने ह्यांमुळे भाववृत्ती अखंड राहते. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आदी मुंबईतील समकालीन कवी मुक्तछंदाकडे व बोलभाषेकडे वळले असताना ग्रेस ह्यांनी प्रामुख्याने वृत्तबद्ध रचनेतून नवी प्रतिमासृष्टी उभी केली, हे लक्षणीय होय.

ह्या नादगुणाचा प्रत्यय त्यांच्या गीतांतून येतो. निवडुंग (१९८९) हा चित्रपट व महाश्वेता ही दूरदर्शन मालिका ह्यांतील त्यांच्या रचना हृदयनाथ मंगेशकर ह्यांच्या संगीतामुळे सर्वदूर पोहोचल्या. दुर्बोध म्हणून ज्यांनी त्यांचे संग्रह बाजूस ठेवले, त्यांनाही त्या गुणगुणाव्याशा वाटल्या. नागपुरातच वास्तव्य केलेले सुरेश भट (१९३२–२००३) ह्यांच्या रचनांनाही मंगेशकरांनी चाली दिल्या. भटांची गझल पहिल्या श्रवणातच अर्थ हाती देते. ग्रेस ह्यांची कविता आधी व्याकूळता पोहोचविते आणि अर्थ मागाहून, तोही अंशतःच, उलगडतो.

त्यांच्या काव्याची मर्यादाही येथेच दिसते. त्याच त्या प्रतिमांच्या पुनरावृत्तीने उत्तरकालीन कविता काहीशी आत्मबद्ध होते. ललितलेखनात तर वृत्ताचा आधार नसल्याने प्रतिमांचा भार वाचकावर पडतो. उत्कट परिच्छेद लक्षात राहतात, पण लेखाची घडण विस्कळीत वाटते. साहित्य अकादेमीचा पुरस्कार (२०११) त्यांना वाऱ्याने हलते रान ह्या ललितसंग्रहासाठी मिळाला. मात्र त्यांचे खरे सामर्थ्य पहिल्या संग्रहातील गेय, संयत रचनांतच आढळते. कविता पूर्णपणे कळण्यापूर्वीही ती खरी वाटू शकते, ही जाणीव मराठी वाचकांत रुजविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

पुणे येथे त्यांचे निधन झाले.