खदान दिसली, वस्ती कुठंय?

गोंदिया जिल्ह्यात कोळशाची एकही खदान नाही. तरी कोळसा आमच्या समोरून रोज जातो. हावडा-मुंबई लाईनवर फाटकाशी थांबलात की डबे मोजत बसायचं. तिरोड्याला तर ३३०० मेगावॅटचं केंद्र आहे, त्याचं पोट या कोळशावरच भरतं. माझं सगळं काम लॅपटॉपवर, म्हणजे विजेवर. पण वीज कुठून येते या प्रश्नाचं माझं उत्तर बरीच वर्षं ‘बटणातून’ इतकंच होतं. कोळशाचं दुसरं टोक बघायला म्हणून मी नागपूरच्या पुढं, छिंदवाडा रोडवर सावनेरला गेलो.

तिथं वेकोलिचं, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सचं इको पार्क आहे. राज्याच्या पर्यटन महामंडळाला सोबत घेऊन २०१६ मध्ये यांनी खाण पर्यटन सुरू केलं. बागेत भूमिगत खदानीची प्रतिकृती आहे, आणि सहलीत खऱ्या खदानीचीही सोय आहे. याला कुणी म्युझियम म्हणत नाही. पण विदर्भातल्या पोराला खदान म्हणजे काय ते दाखवायचं तर जवळ हेच आहे, त्यामुळं त्याच्याकडं म्युझियम म्हणूनच बघायला हवं.

जे आहे ते वाईट नाही. ‘काला पत्थर’ आणि ‘गँग्स ऑफ वासेपूर’ बघून आपल्याला वाटतं खदान म्हणजे कुदळ, घाम आणि मारामारी. प्रत्यक्षात जमिनीखालचं अर्धं काम छत धरून ठेवण्याचं आणि हवा खेळती ठेवण्याचं. सगळा कोळसा काढायचा नाही, मध्ये मध्ये कोळशाचेच खांब सोडायचे, त्यांच्यावर वरचं जग उभं. हे वाचून कळतं, पण डोक्यावर छत आलं की अंगाला कळतं. तेवढ्यासाठी सावनेरला जरूर जावं.

माझी तक्रार यापुढची आहे. या सहलीचा नायक कोळसा आहे, मशीन आहे, सुरक्षेची टोपी आहे. ती टोपी काढून माणूस ज्या घरी जातो ते घर या गोष्टीत नाही. सावनेर तालुक्यातच वलनी, सिल्लेवाड्यासारख्या खदानी. तिकडं चंद्रपूरकडं बल्लारपूर, घुग्घुस, माजरी. या गावांत पाळीच्या वेळेवर स्वयंपाक ठरतो. एका लाईनीतल्या क्वार्टर्समध्ये तेलुगू, छत्तीसगढी, भोजपुरी आणि मराठी चालते. विदर्भात कोळसा नवा नाही. वरोरा म्हटलं की आपल्याला आनंदवन आठवतं, पण त्याच वरोऱ्यात १८७० च्या दशकात सरकारी खदान सुरू झाली होती, ती १९०६ मध्ये बंद पडली. एवढा जुना संसार, आणि पाहुण्याला दाखवायला हातात काय, तर बोगदा.

बायकांचं घ्या. प्रतिकृतीतला कामगार आपण न विचारता पुरुषच धरतो. पण आपल्या देशात बायका जमिनीखाली कोळसा वाहत होत्या. १९३७ मध्ये त्यांना पूर्ण बंदी झाली. महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये सरकारनं त्यांना परत खाली उतरवलं, आणि गरज संपताच १९४६ मध्ये पुन्हा वर काढलं. अटींसह परवानगी आली ती थेट २०१९ मध्ये. गरज असली की उतर, नसली की घरी जा, हा हिशोब कोणत्या मशीनच्या मॉडेलमधून समजणार?

वेल्समधल्या ‘बिग पिट’ला मी गेलेलो नाही, पण तिथली पद्धत वाचून हेवा वाटला. खदान १९८० मध्ये बंद पडली, १९८३ मध्ये लोकांसाठी उघडली. पाळण्यातून ९० मीटर खाली जायचं, आणि त्याआधी फोन, घड्याळ, बॅटरी असलेलं सगळं वर ठेवून जायचं, कारण एक ठिणगीही चालत नाही. म्हणजे सेल्फी नाही! वाटाडे म्हणून ठेवले ते तिथलेच जुने खाणकामगार. वर कामगारांच्या आंघोळीची इमारत जपली आहे, लॉकर्ससकट. काळं अंग धुऊन घरी जाणं हाही इतिहास आहे हे कुणाला तरी सुचलं.

याहून साधी गोष्ट जपानची. सकुबेई यामामोतो हा लहानपणापासून खदानीत राबलेला माणूस. साठी उलटल्यावर त्यानं नातवंडांना कळावं म्हणून चित्रं काढायला घेतली. नवरा कोळसा फोडतोय, बायको ओढतेय, सामायिक हौदात आंघोळी चालल्यात, आणि कडेला त्याच्याच अक्षरात माहिती. २०११ मध्ये युनेस्कोनं या चित्रांना जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं. कंपनी नाही, निधी नाही. कागद, रंग आणि विसरायला तयार नसलेला म्हातारा.

कुणी म्हणेल, कंपनीच्या बागेकडून एवढी अपेक्षा कशाला? वेकोलि खदानीचं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावानं बाटलीत भरते, बागही त्याच वळणाची: काळ्याचं हिरवं करून दाखवणारी. मान्य. पण मग काही गोष्टी त्या बागेत कधीच मावणार नाहीत हेही मान्य करावं लागतं. सावनेरहून तोच रस्ता पुढं छिंदवाडा जिल्ह्यात जातो. तिथल्या न्यूटन चिखली खदानीत १० डिसेंबर १९५४ ला पाणी घुसलं आणि ६३ माणसं गेली. चासनाला आपल्याला माहीत आहे, कारण त्याच्यावरून अमिताभचा सिनेमा आला. न्यूटन चिखलीवर सिनेमा आला नाही.

घाई कशाची, तर वयाची. १९७३ मध्ये खदानींचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा जो विशीतला पोरगा कामाला होता, तो आज सत्तरीच्या पुढं आहे. ठेकेदाराच्या हाताखालची खदान आणि सरकारी खदान, दोन्ही पाहिलेली ही शेवटची पिढी. तिच्याकडं हजेरीचं कार्ड असेल, डबा असेल, पाळी सुटल्यावर कुठं बसायचे ते आठवत असेल. बायकोला भोंगा वेळेवर न वाजल्याची रात्र आठवत असेल. सावनेरच्या बागेत एक खोली आणि खुर्च्या दिल्या, तिथं या लोकांना आठवड्यातून एकदा बसवलं, तरी बोगद्याच्या दुप्पट गर्दी होईल असं मला वाटतं. नाही दिली खोली, तर फोन आपल्या सगळ्यांकडं आहे. रेकॉर्डिंगचं बटणही त्यात आहे, आणि तो चार्ज होतो याच लोकांनी काढलेल्या कोळशावर.